शिंगाडे सरांची काळी खिडकी

हसनाबादच्या शाळेत मी गणित शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी शिंगाडे सर माझ्याशी एकच वाक्य बोलले. "बाई, तुम्ही लई बोलता."

मला राग आला. माझं माहेर वाटूरचं, बोलण्यात कुणाला हार जाणारं नाही, आणि हा कोण कुठला संगणकाचा मास्तर पहिल्याच दिवशी तोंड धरतो म्हणजे काय! तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "आता बराबर." त्यावर मात्र हसू आलं. मग बारा वर्षं आमची टेबलं शेजारी राहिली. त्यांच्या वाट्याचंही मीच बोलून घ्यायची.

बापूराव शिंगाडे पिंपळगाव रेणुकाईकडचे. वडील मेंढपाळ. दहावीपर्यंतच्या सगळ्या सुट्ट्या सरांनी मेंढरांमागं काढल्या होत्या, आणि ते वळण शाळेतही गेलं नव्हतं. सहलीला पोरं मोजायची तर आम्ही हजेरी घेत बसायचो. हे दोन बोटं पुढं करून जोड्या मोजत जायचे, अर्ध्या मिनिटात सांगायचे, "एक कमी हाय." आणि एक कमीच असायचा, कुठंतरी उसाच्या रसाच्या गाड्यावर सापडायचा.

पोरांना त्यांचं शिकवणं आवडायचं, कारण ते लवकर संपायचं. "मेंढराला एकच शब्द सांगावा," ते म्हणायचे. "दोन सांगितले की ते चरायला लागतं. मशीनचंबी तसंच." त्यांचं दुसरं एक वाक्य होतं, ते मला तेव्हा फारसं कळलं नव्हतं. मशीनला हुकूम दिला आणि पडद्यावर काहीच उमटलं नाही तर पोरं गोंधळायची. सर म्हणायचे, "गप हाय म्हंजे काम झालं. बोंबलतं ते बिघडलेलं असतं." असं म्हणून माझ्याकडं बघायचे.

त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर चित्रं नव्हती, फुलांचा फोटो नव्हता, काही नव्हतं. चालू केला की एक काळी खिडकी उघडायची आणि तिच्यात पांढरी काडी लुकलुकत राहायची. त्या खिडकीत शब्द लिहायचा आणि मशीन ते काम करायचं. पोरांना शिकवताना ते तिला शेल म्हणायचे, एरवी खिडकीच. तिचे मूळचे हुकूम इंग्रजी, काही चांगले हातभर लांब. सरांना ते पटायचं नाही. त्यांनी एकेका हुकमाला बापाच्या हाकांची नावं दिली होती. हुर्र म्हणजे पुढं चल. थ्यो म्हणजे थांब. छर्र म्हणजे पाण्यावर ये, त्यांच्या मशीनवर त्याचा अर्थ फाईल उघड. इंग्रजी अक्षरांत 'हुर्र' लिहून ते बटण दाबायचे आणि ते यंत्र खरंच पुढं चालायचं. मी म्हणायची, "सर, तुम्ही गेल्यावर हे मशीन कुणालाच वळवता येणार न्हाई." ते म्हणायचे, "मेंढरंबी तसलीच असत्यात."

मग घसा बसला. दोन महिने त्यांनी तो मधावर काढला. मेंढरांमागं हिंडताना लागलेली बिडी पुढं चाळिशीत सुटली होती, पण तिनं काम केलं होतं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाची पेटी काढावी लागेल, आणि ऑपरेशनला पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली.

दुसरा कुणी असता तर त्या पंधरा दिवसांत देवदेव करत हिंडला असता. सर रोज शाळा सुटली की लॅबच्या खिडक्या लावायचे, आवाज नको म्हणून पंखा बंद करायचे, आणि एका स्वस्तातल्या माईकसमोर बसून वाक्यं बोलायचे. पाठकोऱ्या प्रश्नपत्रिकांवर यादी केली होती. मी समोर बसून एकेक खोडत जायची. माईक चालतो का बघायला पहिलं वाक्य त्यांनी असंच टाकलं, "मेंढरं लांब गेल्ती." मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, "बा उशीर करून आला की आय भांडायची. बा हेच सांगायचा. लई वाटोळं झालं असलं तरी हेच."

तीनशेच्या वर वाक्यं झाली. "बस खाली." "खिडकीजवळचा, तू." "उद्या करून आण." दुकानातली, दवाखान्यातली, बसमधली. "भाजीत मीठ न्हाई" हे भरलं तेव्हा त्यांच्या मंडळी, लता वहिनी, डबा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, जल्माचं तेच ऐकवणार का? एक तरी चांगलं भरा." सरांनी बराच विचार केला आणि माईकमध्ये म्हणाले, "बरी झाली भाजी." वहिनी पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. मी यादीतलं वाक्य खोडलं. खोडताना अक्षर दिसत नव्हतं, हे सांगायला आता लाज कशाची.

यादीतली सगळ्यात जास्त वाक्यं आईसाठी होती.

आई पिंपळगावला धाकट्या भावाकडं, विष्णूकडं असायची. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. तिची दोन लेकरं आधीच गेली होती, एक तापानं, एक विहिरीत. तिसऱ्याच्या गळ्याचं तिला कळू द्यायचं नाही असं दोघा भावांनी ठरवलं. सरांची बदली नांदेडकडं लांब झाली, असं तिला सांगितलं. मशीनमधली वाक्यं त्या हिशोबानंच भरलेली. "आये, जेवलीस का?" "गोळी घेतली का?" "सुट्टी न्हाई मिळून राह्यली, आये." "येतो, पोळ्याला येतो." आणि सणांची वेगळी. दसऱ्याचं, "आये, सोनं घे. सोन्यावानी राहा."

ऑपरेशन झालं. घशाला भोक पडलं, त्यावर सर पांढरा रुमाल बांधायचे. आवाज गेला. नंतरच्या औषधांनी विसर पडायला लागला, नावं, तारखा हातातून निसटायच्या. पण रोज सकाळी सात वाजता ते लॅपटॉप उघडायचे, फोन त्याच्या स्पीकरला टेकवायचे आणि काळ्या खिडकीत दोन-तीन अक्षरं मारायचे. पलीकडं आई बोलत राहायची, गायीचं, सुनेचं, गुडघ्यांचं. इकडून मधूनच तिच्या पोराचा धडधाकट आवाज जायचा, "बरं." "व्हय." "मंग?" तिला काही शंका येत नव्हती. पोरगं जन्मापासून इतकंच बोलायचं.

वर्गातही तेच चालायचं. पोरं आधी दचकली, मग सरावली. बोलायचं नसेल तेव्हा सर बोटाच्या पेरानं टेबलावर ठोकायचे. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. फार लांबचं सांगायचं असलं तर जवळ एक पाटी होती.

एकदा मी त्यांना माझ्या स्कुटीवरून पिंपळगावला घेऊन गेले. आईला भेटायला चालले असतील असं मला वाटलं. विष्णूच्या घरासमोर मोठं अंगण, त्याच्या पार टोकाला लिंबाचं झाड. सर चपला हातात घेऊन, पावलांचा आवाज न करता त्या झाडाखाली जाऊन बसले. मांडीवर लॅपटॉप उघडला. विष्णूनं दारातल्या बाजेवर बसलेल्या म्हातारीच्या हातात फोन दिला. "आये, बापूचा फोन हाय. नांदेडहून."

तीस पावलांचं अंतर होतं. आई फोनला सांगत होती, "बापू, तुला बघून दोन वर्सं झाली रे." आणि हा माणूस तिच्याकडं बघत बसला होता. मला वाटलं, पळत जाऊन सांगावं, म्हातारे, हा काय इथं बसलाय. बारा वर्षांत पहिल्यांदाच मी तोंड बंद ठेवलं. सरांनी एक बटण दाबलं. "सुट्टी न्हाई मिळून राह्यली, आये."

परतीच्या वाटेवर मी विचारलं, असं किती वेळा येता? त्यांनी पाठीमागून माझ्या खांद्यावर चार वेळा ठोकलं. महिन्यातून चारदा.

आता माझ्या पापाचं सांगते.

खंडेनवमीला आमच्याकडं अवजारांची पूजा असते. आमच्या घरी आदल्या दिवसापासून वडील तिफण धुवायचे, विळ्यांना धार लावायचे, कुळवाच्या फासेला तेल चोळायचे. "मळक्या अवजाराला हळद लावू नये," ते म्हणायचे. शाळेत अवजारं म्हणजे लॅबमधली मशीनं. त्या वर्षी ते काम माझ्याकडं आलं. सरांनीही त्यांचा लॅपटॉप पूजेसाठी आणून ठेवला, सकाळचा फोन करून झाल्यावर. पूजा झाली की अवजाराला विश्रांती, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सकाळी उचलायचं.

सर आपट्याची पानं आणायला गेले होते. मी कीबोर्ड उलटे करून झटकले, पडदे पुसले. बघते तर प्रत्येक मशीनवर एका कोपऱ्यात सूचना. नवीन आवृत्ती आली आहे. मला वाटलं, ही आतली धूळ. एकेक मशीन अपडेटला लावत गेले. शाळेची आठ झाली, मग नववा सरांचा. पासवर्ड मला ठाऊक होता, त्यांनीच अडीअडचणीला म्हणून सांगून ठेवलेला. मध्येच त्यानं विचारलं, या फाईलीत तुम्ही बदल केलेले आहेत, तुमची जुनी ठेवायची की आमची नवी घ्यायची? दसऱ्याला जुनं कोण ठेवतं? मी लिहिलं, नवी. मग झाकण बंद केलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. सर आले, त्यांनी हात जोडले. मी त्यांना सांगितलंही नाही. चांगलं काम केलं की सांगू नये असं वाटलं, नेमकी तेव्हाच मी गप्प बसले.

दसऱ्याला सकाळी पावणेसातला सर लॅबमध्ये आले. मी शाळेच्या कार्यक्रमासाठी आधीच आलेली. त्यांनी फूल उचलून कपाळाला लावलं, लॅपटॉप चालू केला. काळी खिडकी उघडली आणि मिटली. परत उघडली, परत मिटली. पापणी लवते तशी. मधल्या वेळात एक अक्षर टाकायलाही सवड मिळत नव्हती.

सरांनी बंद करून चालू केला. तेच झालं. तिसऱ्यांदा केला. भिंतीवर सात वाजले. त्यांचा फोन शेजारी टेबलावर होता. सात वाजून पाच मिनिटांनी तो वाजला, विष्णूचा नंबर. सर त्या फोनकडं बघत राहिले. तो वाजून वाजून बंद झाला.

मी सगळं सांगून टाकलं. मी काय काय लावलं, त्यानं काय विचारलं, मी काय लिहिलं. सरांनी पाटी घेतली. मला वाटलं, शिवी लिहितील, आणि मला ती हवी होती. त्यांनी लिहिलं, "कोणती फाईल?" मला नाव आठवेना.

काय झालं होतं ते सरांनी पाटीवर थोडं थोडं करून समजावलं. त्यांच्या सगळ्या हाका एका फाईलीत होत्या. मी ती बदलून कोरी करकरीत घेतली होती. आणि पोरांनी त्यांच्या मशीनमध्ये खोड्या करू नयेत म्हणून सरांनीच एक राखण बसवली होती, की चालू होताना हाका सापडल्या नाहीत तर परका माणूस आलाय असं समजून खिडकी मिटायची. त्यांच्याच फाटकानं त्यांना बाहेर ठेवलं होतं. वाक्यं आतच होती, सगळी, सुखरूप. फक्त त्यांना हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

"दुसरी कॉपी?" मी विचारलं. हा माणूस पोरांना दर वर्षी पहिल्या तासाला सांगायचा, प्रत्येक गोष्टीची दुसरी कॉपी ठेवा. त्यांनी टेबलावर दोनदा ठोकलं. मग लिहिलं, "भीती वाटली. दुसऱ्याच्या हाती लागून कुठं वाजली तर."

विष्णूनं आईला सांगितलं, टावर पडलाय. ती म्हणाली, "टावर पडला तर तुझा फोन कसा लागून राह्यला?" मग तो म्हणाला, तिकडचा पडलाय, नांदेडचा. तिनं आपट्याची पानं उशाशी ठेवली आणि बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही जालन्याला गेलो. दुकानदारानं दोन मिनिटं बघितलं. "फॉरमॅट मारावं लागन. आतलं राहीन याची गॅरंटी न्हाई, सर. जल्दी असन तर आत्ताच करून देतो." त्यानं पेचकस उचलला तसा सरांनी लॅपटॉप काउंटरवरून उचलून छातीशी धरला. दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. "त्यांचा आवाज आहे त्याच्यात," मी म्हणाले. त्याला काही कळलं नाही. बसमध्ये सर भोकरदनच्या फाट्यापर्यंत लॅपटॉप मांडीवर घेऊन, त्यावर दोन्ही हात ठेवून बसले होते. खिडकीबाहेर सोयाबीनच्या सुड्या, कापसाची पहिली वेचणी, बाया ओळीनं वाकलेल्या. त्यांनी बाहेर एकदाही पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांना आठवलं की मशीन चालू होताना एक बटण दाबून धरलं तर मागच्या दारानं आत जाता येतं. खिडकी उघडली आणि उघडी राहिली. मी टाळी वाजवली. सरांनी 'हुर्र' लिहिलं. मशीननं इंग्रजीत उत्तर दिलं, असा हुकूम सापडला नाही. त्यांनी 'छर्र' लिहिलं. सापडला नाही. एकामागून एक त्यांनी बापाच्या सगळ्या हाका मारल्या. मशीन प्रत्येकीला तेच म्हणत होतं.

मूळचे एक-दोन छोटे हुकूम त्यांना आठवले. त्यातून फाईलींची यादी दिसली, आणि यादीत एक नाव दिसलं, सरांच्या त्या फाईलीचं, शेवटी 'जुनी' अशा अर्थाची शेपटी लावलेलं. अपडेटनं ती फेकली नव्हती, बाजूला काढून ठेवली होती. आता तिला परत तिच्या जागी ठेवायचं, इतकंच. सरांनी तो हुकूम दिला. मशीन म्हणालं, इथं फक्त वाचता येईल, बदलता येणार नाही.

त्या दारानं आत गेलं की आधी लिहिण्याची मोकळीक मागावी लागते. त्याचा एक हुकूम असतो, चांगला लांब. सरांनी तो आठ वर्षांपूर्वी आखूड करून त्याला 'थ्यो' नाव दिलं होतं, आणि लांबडा विसरून गेले होते. औषधांनी उरलासुरला पुसला. ते डोकं धरून बसले. मी फोनवर शोधलं, एक सापडला, ते नको नको म्हणून ठोकत असताना मी तो टाकला. एखादं अक्षर चुकलं असावं. मशीन अडकून पडलं, काही केल्या हलेना, शेवटी बटण दाबून मारावं लागलं. परत चालू होईपर्यंत सरांच्या चेहऱ्याकडं मला बघवलं नाही. त्यानंतर त्यांनी पाटीवर लिहिलं, "परक्याचा शब्द नको." आणि पाटी माझ्या हातात दिली.

तेवढ्यात विष्णूचा फोन आला. सर बोलू शकत नाहीत म्हणून काही निरोप असला की तो मला करायचा. "बाई, आयनं काल सांजपासून काही खाल्लं न्हाई. म्हनती, बापू गेला, तुम्ही लपवून राह्यले. म्हनती, मी दोन पोरांचं ऐकलंय, मला माहीत हाय घर कसं गप होतं ते. आता काय सांगू तिला?"

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. सरांनी ऐकलं. त्यांनी तोंड उघडलं. विसरले होते बहुतेक. घशाच्या भोकातून नुसती हवा आली, रुमाल हलला. मी त्या लॅबमध्ये ढसाढसा रडले. मी केलेलं हे, आणि मलाच निस्तरता येईना.

चौथ्या दिवशी सकाळी सरांनी पाटीवर लिहिलं, "कुठंतरी शिकवलंय."

जिन्याखालच्या लोखंडी कपाटात पोरांच्या जुन्या प्रॅक्टिकलच्या वह्या होत्या. हेडसरांनी दर वर्षी रद्दीत काढायला सांगितल्या आणि शिपायानं दर वर्षी पुढं ढकलल्या, त्या आळसाला मी आजही नमस्कार करते. मी, सर आणि लता वहिनी तिघं फरशीवर बसलो. झुरळं, वाळवी, फाटकी पानं. वहिनींना इंग्रजी येत नव्हतं, त्या नुसत्या लाल शाईची पानं वेगळी काढून आमच्याकडं सरकवत होत्या. साडेअकराच्या सुमाराला कुणा एका मुलीच्या वहीत, प्रयोग अकरावा, तो सापडला. गोल गोल अक्षरात पूर्ण ओळ उतरवलेली, आणि शेजारी लाल शाईत सरांचा शेरा: "लांब आहे. पाठ करू नये. लागेल तेव्हा इथं बघावं."

सरांनी तो शेरा दोनदा वाचला. मग उठले.

मी वहीतून एकेक अक्षर वाचत होते, ते एकेक दाबत होते. मधली रिकामी जागाही मी मोठ्यानं सांगितली. शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर काहीच आलं नाही. काडी लुकलुकत राहिली. माझा जीव गेला. "सर, हे काहीच का बोलत न्हाई?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मला त्यांचं ते जुनं वाक्य आठवलं. गप आहे म्हणजे काम झालं.

जुनी फाईल जागेवर गेली. मशीन बंद करून चालू केलं. खिडकी उघडली, उघडीच राहिली. सरांनी दोन अक्षरं मारली आणि लॅबमध्ये त्यांचा आवाज घुमला, "बरी झाली भाजी." वहिनी दारात उभ्या होत्या, त्या तिथंच खाली बसल्या.

फोन हसनाबादेतूनही करता आला असता. पण सरांनी स्कुटीकडं बोट दाखवलं. मी शाळेत अर्ज न देता निघाले.

लिंबाखाली पोचलो तेव्हा दुपारचा एक होऊन गेला होता. म्हातारी दारातच बाजेवर आडवी होती, उशाशी आपट्याची वाळलेली पानं. विष्णूनं तिला उठवून टेकवलं, हातात फोन दिला. सरांनी आपला फोन स्पीकरला टेकवला. त्यांनी बटण दाबलं.

"आये, जेवलीस का?"

तिनं फोन कानाशी घट्ट धरला. मग म्हणाली, "चार दिस कुठं गेल्ता?"

सरांची बोटं बटणांवर थांबली. तीनशे वाक्यं होती त्यांच्याजवळ. पोळ्याची, दिवाळीची, गोळ्यांची, सुट्टी न मिळाल्याची. एवढा पुढचा विचार करणाऱ्या माणसानं सगळं भरून ठेवलं होतं, पण आपण चार दिवस नसू याचं उत्तर त्यांनी भरलं नव्हतं. ते खिडकीतली यादी वर खाली करत होते. दारातून म्हातारी परत म्हणाली, "बापू? हायस का?"

त्यांनी डोळे मिटले, आणि अगदी सुरुवातीचं, माईक चालतो का बघायला टाकलेलं वाक्य लावलं.

"मेंढरं लांब गेल्ती."

विष्णूनं कपाळावर हात मारला. नांदेडच्या मास्तराकडं कुठली मेंढरं? मला वाटलं, संपलं.

म्हातारी हसली. दात नव्हते, नुसत्या हिरड्या दिसल्या. "तुझा बा बी हेच सांगायचा," ती म्हणाली. "मी कधी पुढं इचारलं न्हाई." तिनं चाचपून पानं उचलली, ओटीत घेतली. "विष्णू, भाकर आन." मग फोन तोंडाजवळ नेऊन, थोड्या हळू आवाजात म्हणाली, "बापू, उन्हात नको बसू. सावली सरकली असन आता."

मी खाली बघितलं. लिंबाची सावली खरंच सरकली होती. सरांची पाठ, मान, तो रुमाल, सगळं उन्हात होतं.

सरांनी तिच्याकडं पाहिलं. ती आमच्याकडं तोंड करून बसली होती, पण आंधळी माणसं कुठंही तोंड करून बसतात. मी आजपर्यंत त्यावर डोकं फोडलंय. मी सरांना कधी विचारलं नाही, ते कधी पाटी घेऊन बसले नाहीत. त्या क्षणी त्यांनी इतकंच केलं, लॅपटॉप उचलला आणि बाजेच्या दिशेनं हातभर पुढं, सावलीत सरकून बसले.

त्या दिवसापासून लॅपटॉपच्या झाकणावर कागद चिकटला. "अपडेट करू नये. पवार बाईंनी तर बिलकुल नाही." पोरं तो वाचून हसायची. मी काढू दिला नाही. सकाळी सातचा फोन सुरू राहिला, लिंबाखालच्या फेऱ्याही. विष्णू सांगायचा, आता म्हातारी ऊन चढलं की स्वतःच म्हणती, बाज जरा झाडाकडं सरकव.

ती उन्हाळ्यात गेली, झोपेत. दहाव्याला मी जाऊन आले. सर डोकं भादरून सगळ्यांत मागं बसले होते.

शाळा उघडली त्या आठवड्यात ते लॅबमध्ये आले. माझ्यासमोर लॅपटॉप ठेवला. झाकणावरचा कागद नखानं खरवडून काढला, तुकडे खिशात घातले. पाटीवर लिहिलं, "आता करा."

"काय करू?"

त्यांनी कोपऱ्यातल्या सूचनेवर बोट ठेवलं. नवीन आवृत्ती आली आहे.

"मी न्हाई करणार," मी म्हणाले. "पोरांना कसं शिकवाल? वहिनींशी कसं बोलाल?" मी आणखी बरंच काही बोलले, भांडले, रडले. ते ऐकून घेत उभे होते, पहिल्यापासून घेत आले तसेच. माझं संपल्यावर त्यांनी स्वतः अपडेटचं बटण दाबलं. मध्ये त्यानं विचारलं, तुमची जुनी ठेवायची की आमची नवी घ्यायची? सरांनी उत्तर लिहिलं. पट्टी भरायला लागली. ती भरेपर्यंत ते थांबले नाहीत. काखेत पाटी, गळ्याला धुतलेला रुमाल, दारातून जाताना दोन बोटं पुढं करून त्यांनी सवयीनं वर्गातली रिकामी बाकं मोजली आणि गेले. त्यानंतर ते शाळेत आले नाहीत. पावसाळा संपता संपता वहिनींचा फोन आला, सर गेल्याचा.

लॅपटॉप माझ्याकडं आहे. खंडेनवमीला मी त्याला हळद लावते. चालू केला की खिडकी उघडते आणि मिटते, उघडते आणि मिटते. मागचं दार कुठं आहे मला माहीत आहे. तो लांबडा हुकूम आता मला पाठ आहे, रिकाम्या जागांसकट. मी तो अजून टाकलेला नाही.